‘व्हाइट शॅडो’ला भुताखेतांच्या रांगेत बसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही जगभरातल्या ‘थरकाप उडवणाऱ्या’ सिनेमांची यादी छापली, त्यात खाली कुठेतरी ‘व्हाइट शॅडो’ हा टांझानियातला सिनेमा टाकलाय आणि दोन ओळींत आटोपलाय, आफ्रिकेतली काळी जादू, अल्बिनो (म्हणजे जन्मापासून कातडी-केस पांढरे असलेल्या) मुलाचा पाठलाग, हृदय कमजोर असेल तर बघू नका वगैरे. मी टांझानियातच, दार-ए-सलामला राहतो, मूळ परभणीकडचा, नोकरीसाठी आलो आणि इथेच रुळलो. तुमचा ई-पेपर रोज चहाबरोबर वाचायची सवय आहे म्हणून हे नजरेला पडलं आणि खरं सांगतो, डोकं जरा गरमच झालं. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण पैशाबद्दल जे पुढे लिहिलंय तेवढं कापू नका.

आधी सिनेमाची माहिती, कारण तुमच्या दोन ओळींत ती नव्हतीच. सिनेमा २०१३ चा, भाषा स्वाहिली. दिग्दर्शक नोआझ डेशे, त्याचा हा पहिलाच मोठा सिनेमा. जर्मनी, इटली आणि टांझानिया अशी तिघांची मिळून निर्मिती. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरच्या जागी हॉलिवूडच्या रायन गॉसलिंगचं नाव आहे, त्यामुळे जिथे कुठे बातमी आली तिथे गॉसलिंगचाच फोटो मोठा (असो, तेवढ्या निमित्ताने तरी कोणी बघितला असेल तर चांगलंच). मुख्य काम केलंय हमिसी बाझिली नावाच्या मुलाने. तो स्वतः अल्बिनो आहे आणि नट नाही, म्हणजे याआधी नव्हता. बरोबरच्या बऱ्याच जणांचंही तेच.

गोष्ट थोडक्यात अशी. आलियास नावाचा पोरगा, खेड्यात राहतो, बाप त्याच्यासारखाच अल्बिनो. एका रात्री बापाला मारतात आणि पोरगा ते बघतो. आई त्याला शहरात पाठवून देते, कॉसमॉस नावाच्या मामाकडे. तो ट्रक चालवतो, बरोबर दोनचार बारीकसारीक धंदे करतो आणि एकही धड चालत नाही, डोक्यावर उधारी. (कॉसमॉसचं काम जेम्स गायो यांनी केलंय, मला पूर्ण सिनेमात हा माणूस सगळ्यात जास्त आवडला, त्याच्याबद्दल पुढे.) पोरगा शहरात भराभर शिकतो, रस्त्यावर गॉगल विकतो, डीव्हीडी विकतो, मोबाईल विकतो. कॉसमॉसची पोरगी आंत्वानेत त्याला आवडायला लागते आणि ते कॉसमॉसला खपत नाही. सलूम नावाचा एक छोटा अल्बिनो मुलगा आहे, त्याच्याशी याची दोस्ती होते. आणि मग हळूहळू कळायला लागतं की ज्याच्यापासून पळून आलो तेच इथेही आहे, नुसता गाव बदललाय. शेवट सांगत नाही, बघा तुम्ही.

आता मला सांगा यात भूत कुठे आहे? एक भूत नाही, एक चमत्कार नाही, मंत्र म्हटल्यावर वीज कडाडली वगैरे काही नाही. मग हॉरर कसला?

रस्त्यावरची विक्री जी दाखवलीय त्याबद्दल दोन शब्द लिहू द्या कारण हे मी रोज बघतो. इथे फिरत्या विक्रेत्यांना मचिंगा म्हणतात. मोरोगोरो रोडला नाहीतर सेलँडर ब्रिजकडे संध्याकाळी गाडी अडकली की दोन लेनच्या मधून ही पोरं येतात, एकाच्या हातात पाण्याच्या बाटल्या, एकाकडे शेंगदाण्याच्या पुड्या, एकाच्या खांद्यावर चार्जरच्या वायरी लटकलेल्या, आणि गॉगलवाल्याकडे एक मोठा पुठ्ठा नाहीतर थर्माकोल, त्याच्यावर गॉगल खोचलेले ओळीने. तुम्ही काच खाली केली की तो गॉगल आत देतो, तुम्ही घालून आरशात बघता, भाव करता, तेवढ्यात पुढची गाडी हलते, मग तो पळतो तुमच्या दरवाजाला हात लावून, पळता पळता दर कमी करतो, आणि गिऱ्हाईक बदमाश असेल तर गॉगल घेऊन सटकतं सुद्धा, मग नुकसान त्या पोराचं, कारण माल उधारीवर उचललेला असतो. आलियास हेच करतो. ज्याच्या डोळ्यांना उन्हाचा सगळ्यात जास्त त्रास, तोच भर उन्हात उभा राहून दुसऱ्यांना गॉगल विकतोय, आणि दिग्दर्शक यावर एक अक्षर बोलत नाही, कोणी पात्र येऊन आपल्याला समजावत नाही. हिंदी सिनेमा असता तर इथे वायोलिन वाजलं असतं.

अल्बिनो म्हणजे काय हे आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं म्हणून लिहितो. अंगात रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन बनत नाही किंवा फार कमी बनतं. आईबाप दोघांकडून तो जीन आला तरच होतं, त्यामुळे आईबाप काळेसावळे आणि पोर पांढरंफटक असं होऊ शकतं आणि मग बिचाऱ्या बाईवर संशय, हे तिकडेही झालंय आणि इकडेही झालंय. कातडी उन्हात जळते, पुढे जाऊन कॅन्सर. आणि नजर! नजरेचं लोक विसरतात. मेलॅनिन डोळ्यालाही लागतं, त्यामुळे यांना लांबचं दिसत नाही, बुबुळं थरथरतात, चष्मा लावूनही पूर्ण फरक पडत नाही, शाळेत फळा दिसत नाही आणि मास्तर म्हणतो पोरगं मठ्ठ आहे. टांझानियात साधारण चौदाशे माणसांमागे एक जण अल्बिनो आहे असा अंदाज सांगतात, जगाच्या मानाने हे प्रमाण फार मोठं आहे.

तर हमिसी बाझिली पडद्यावर येतो तेव्हा डोळे बारीक करून, मान जराशी वाकडी करून बघतो, एखादी वस्तू हातात घेतली की नाकाजवळ नेतो. हे कोणत्या अभिनयाच्या वर्गात शिकवणार? मोठा नट घेतला असता, पांढरा मेकअप फासला असता, लेन्स घातल्या असत्या आणि त्याला कुठलंतरी अवॉर्ड पण मिळालं असतं, पण ते मान वाकडी करणं आलं नसतं. आणि कॅमेरा पण तसाच फिरतो, एकदम जवळ, धूसर, समोर काय चाललंय ते अर्धवट दिसतं. बापाच्या खुनाचा प्रसंग आहे त्यात तुम्हाला धड काही दिसतच नाही, अंधार, तुकडे, आवाज. सुरुवातीला मला वाटलं प्रिंट खराब आहे की काय, लॅपटॉपची स्क्रीन पुसली मी. मग लक्षात आलं की हा त्या पोराला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दाखवतोय. निदान मी तरी तसं समजलो, दिग्दर्शकाच्या मनात दुसरं काही असेल तर तो जाणे.

आता आपल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट, जी तुमच्या पुरवणीतल्या लेखकाला माहीत असायला हवी होती. व्हेनिसच्या फेस्टिव्हलमध्ये पहिल्या सिनेमाला एक बक्षीस देतात, लायन ऑफ द फ्यूचर. २०१३ ला ते ‘व्हाइट शॅडो’ला मिळालं. आणि २०१४ ला कोणाला? आपल्या चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला! म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत एक स्वाहिली आणि एक मराठी, आणि दोन्हीकडे नट नसलेली माणसं घेतलेली. ‘कोर्ट’मध्ये शाहीर झालेले वीरा साथीदार हे मुळात नागपूरचे कार्यकर्ते, २०२१ ला कोरोनाने गेले ते. आणि त्यात गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते, ती बाई खऱ्या आयुष्यातही अशाच कामगाराची विधवा. ती साक्ष आठवा, वकील विचारतोय आणि ती सपाट आवाजात उत्तरं देतेय, रडत नाही, पदर डोळ्याला लावत नाही, आणि आपल्याला खुर्चीत बसवत नाही. ‘कोर्ट’ला आपण डोक्यावर घेतलं, अग्रलेख लिहिले, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा पेढे वाटले. त्याच्या एक वर्ष आधी तेच बक्षीस मिळवलेल्या सिनेमाला मात्र काळ्या जादूचा थरार? का, तर तो आफ्रिकेतला आहे म्हणून? मला दुसरं कारण दिसत नाही.

आता पैशाचा भाग, जो कापू नका म्हणालो.

टांझानियात अल्बिनो माणसांचे खून साधारण २००६-०७ पासून उघड व्हायला लागले, जास्त करून व्हिक्टोरिया तलावाच्या बाजूला, म्वान्झा, शिन्यांगा, गेइटा या पट्ट्यात. आता हा पट्टा कशाचा? सोन्याच्या खाणींचा आणि मासेमारीचा. एकीकडे लोक बारक्या बारक्या खड्ड्यांत उतरून सोनं शोधतात, लागलं तर एका रात्रीत बंगला, नाही लागलं तर कर्ज. दुसरीकडे तलावातल्या माशाची परदेशात निर्यात, तिथेही तसंच, आज जाळं भरलं उद्या रिकामं. असा जुगाराचा धंदा असला की माणूस काहीही विश्वास ठेवायला तयार होतो, मग तो मगांगा म्हणजे तिथला वैदू-भगत सांगतो की अल्बिनोचा अमुक अवयव आणा, खाणीत पुरा, केस जाळ्यात विणा, नशीब फिरेल. यात ‘हजारो वर्षांची आदिम परंपरा’ वगैरे शोधायला जाऊ नका. अल्बिनो मुलांना टाकून देणं, त्यांना अशुभ मानणं हे जुनं असेल, पण हा जो अवयवांचा बाजार उभा राहिला तो सोन्याचा भाव चढला, खाणींवर झुंबड उडाली त्या काळात फोफावला. मोबाईल हातात असलेल्या लोकांचा धंदा आहे हा.

आणि दर ऐका. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ ला रिपोर्ट काढला होता, त्यात एका अल्बिनोच्या अवयवांच्या पूर्ण ‘सेट’ची किंमत ७५ हजार डॉलर सांगितली होती. त्यावेळच्या भावाने पस्तीस लाख रुपयांच्या वर. आता मला सांगा खेड्यातला कोणता अडाणी शेतकरी पस्तीस लाख देणार? ज्याच्या हातात कोयता आहे त्याला पकडलं जातं, त्याचा फोटो पेपरात येतो, आणि ज्याने ऑर्डर दिली तो कोण? व्यापारी? खाणवाला? निवडणुकीला उभा राहिलेला? टांझानियात २०१५ ला निवडणुका होत्या तेव्हा खून वाढतील अशी भीती उघडपणे बोलली जात होती. म्हणजे गिऱ्हाईक कोण हे सगळ्यांना अंदाजाने माहीत होतं, नाव मात्र कोणाचं घेता येत नव्हतं.

सिनेमा नेमका इथे बोट ठेवतो. कॉसमॉस काही राक्षस नाही, उलट पोराला सांभाळतो, ओरडतो पण जेवायला घालतो, त्याला धंद्याच्या खाचाखोचा शिकवतो. पण त्याच्यावर कर्ज आहे आणि वसुलीवाले मागे आहेत. आणि त्याच्या घरात एक मुलगा झोपतोय ज्याची बाजारात किंमत आहे. बस. एवढं कळल्यावर पुढे पडद्यावर काहीही साधं घडत असलं, मामा-भाचा ट्रकमध्ये बसून नुसते गप्पा मारत असले तरी पोटात गोळा येतो. गायो यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं, हिशोब चालू असतो त्या माणसाच्या डोक्यात, आणि त्या हिशोबाची त्याला स्वतःलाच लाज वाटत असते. तुम्हाला थरकाप म्हणायचंच असेल तर याला म्हणा, पण मग त्याला काळी जादू म्हणू नका, त्याला कर्ज म्हणा. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला कर्ज काय करून घेतं हे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, ‘आफ्रिकेत असलंच चालतं’ असं लिहिताना तिथल्या लोकांनी याच्याविरुद्ध काय केलं हे पण लिहा ना. व्हिकी न्टेटेमा या टांझानियन पत्रकार बाईंनी २००८ मध्ये बीबीसीसाठी वेषांतर करून भगतांकडे जाऊन ही खरेदी-विक्री उघड केली, धमक्या आल्या, लपून राहावं लागलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष किक्वेते यांनी अल-शायमा क्वेगिर या अल्बिनो बाईंना खासदार म्हणून संसदेत नेमलं. २०१० ला लिंडीहून सलूम खलफानी बारवानी हे निवडून आले, लोकांच्या मतांनी निवडून आलेले पहिले अल्बिनो खासदार. २००९ मध्ये कहामाच्या कोर्टात एका मुलाच्या खुनासाठी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. २०१५ च्या जानेवारीत सरकारने या भगतांच्या धंद्यावर बंदी घातली आणि मार्चपर्यंत दोनशेच्या वर लोकांना आत टाकलं. मोशीच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये या लोकांसाठी खास सनस्क्रीन बनवतात, किलिसन नावाने. १३ जून हा आता युनायटेड नेशन्सचा अल्बिनिझम जागृती दिवस आहे, २०१५ पासून. हे सगळं पुरेसं आहे का? नाही. मुलांना जिवाच्या भीतीने सरकारी वसतिगृहांत ठेवलं, कुंपणाच्या आत, आणि वर्षानुवर्षं ती तिथेच वाढली, घरचे भेटायला येईनात. शिन्यांगाजवळच्या बुहांगिजाच्या वसतिगृहाबद्दल कुठे लिहिलेलं सापडलं तर वाचा. ते वाचलं की सिनेमातल्या सलूम आणि आलियासची दोस्ती वेगळी दिसायला लागते. पण ‘तिकडे कोणाला काही पडलेली नाही’ हे साफ खोटं आहे.

आणि आपलं काय हो? मी परभणीचा. आमच्याकडे मानवतचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजून आवाज खाली करतात. १९७२ ते ७४, बायका आणि लहान पोरींचे खून, आणि कारण काय, गुप्तधन आणि मूल होणं. तिथेही कोणीतरी मांत्रिक होता, पण हाव कोणाची होती? वाड्यावर राहणाऱ्यांची की कुडाच्या घरातल्यांची, हा प्रश्न तेव्हाही लोक कुजबुजतच विचारायचे. लहानपणी आम्हाला संध्याकाळी बाहेर जाऊ नका म्हणून हीच भीती घालायचे. त्यावर वेब सिरीज पण आली आता, ती आपण ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून बघितली, ‘भारतातली काळी जादू’ म्हणून कोणी बघितली का?

तारखा बघा जरा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं सरकारच्या पायऱ्या झिजवत होते त्याचा वटहुकूम मग ऑगस्ट संपायच्या आत निघाला आणि डिसेंबरला कायदा झाला, ज्याच्या नावातच नरबळी हा शब्द आहे. आणि २८ ऑगस्टला व्हेनिसचा फेस्टिव्हल सुरू झाला, त्यात हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला. म्हणजे आपण इकडे नरबळी थांबवायचा कायदा एका खुनानंतर घाईघाईने आणत होतो तेव्हा तिकडे हा सिनेमा पडद्यावर येत होता. टांझानियातला जादूटोण्याचा कायदा ब्रिटिशांच्या काळातला आहे, १९२८ चा. आपला २०१३ चा. यात कोण मागास कोण पुढारलेला हे ठरवायला मी बसलेलो नाही, पण नाक वर करायची आपली ऐपत नाही एवढं नक्की.

आता सिनेमात सगळं गोडच आहे असं नाही, तेही सांगतो नाहीतर म्हणाल हा प्रचार करतोय. लांबलाय. दोन तासांच्या आसपास जातो आणि मधे एक टप्पा असा येतो की कॅमेरा हलतोय, हलतोय आणि गोष्ट जागची हलत नाही. भंगारातून इलेक्ट्रॉनिक सामान वेचणाऱ्या पोरांचे शॉट बघायला जबरदस्त आहेत, पण ते इतके येतात की दिग्दर्शक त्या धुराच्या आणि वायरींच्या प्रेमात पडलाय असं वाटायला लागतं. आणि बाहेरचा माणूस असल्याची एक खूण राहतेच, माणसं पोटभर हसत नाहीत या सिनेमात. इथली माणसं मरणाची हसतात हो, दुःखात पण हसतात, दालादालात म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये चढा, चेंगरून बसलेले लोक कंडक्टरची टिंगल करत जातात. ते थोडं असतं तर बरं झालं असतं. ऑफिसमधला एक सहकारी म्वान्झाकडचा आहे, त्याला मी विचारलं बघितलास का, तर म्हणाला अर्धा बघून बंद केला, आम्हाला हे बघायला सिनेमा कशाला लागतो. त्याचंही बरोबर आहे. त्याला बोंगो मूव्ही आवडतात, म्हणजे इथले लोकल सिनेमे, नवरा-बायको-सासू-धोका-देवाची करणी, जे सरळ डीव्हीडीवर यायचे आणि आलियाससारखी पोरं रस्त्यावर विकायची. त्यातला स्टार स्टीव्हन कनुम्बा २०१२ मध्ये ऐन अठ्ठाविशीत गेला तेव्हा दार-ए-सलाममध्ये रस्ते भरून लोक लोटले होते. म्हणजे सिनेमावर जीव टाकणारे लोक आहेत हे, कमी समजू नका. आणि हिंदी सिनेमा तर विचारूच नका, जुन्या थिएटरांमध्ये एकेकाळी त्याला तोबा गर्दी असायची, आजही मी भारतीय आहे कळलं की टॅक्सीवाला मिथुनचं नाव घेतो.

इथे एक भन्नाट प्रकार आहे तोही सांगतो. गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये परदेशी सिनेमा लागला की एक माणूस माईक घेऊन चालू सिनेमावर स्वाहिलीत बोलत जातो, डायलॉग सांगतो, मधे स्वतःचे टोमणे मारतो, हा बघा हा आता मार खाणार वगैरे. सबटायटल वाचत बसायला कोणाला वेळ आहे? लोक त्या माणसासाठी तिकीट काढतात. आपल्याकडे मात्र परदेशी सिनेमा म्हटला की फिल्म फेस्टिव्हल, पास, रांग, खाली इंग्रजी ओळी, आणि बघणारे तेच ठरलेले पुण्या-मुंबईचे चेहरे. स्वाहिलीतला सिनेमा मराठी माणसाने इंग्रजीतून का बघायचा? खाली मराठी ओळी टाकायला असा किती खर्च येतो? तालुक्याच्या कॉलेजमध्ये, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात हा सिनेमा मराठी ओळींसकट दाखवला तर एखाद्या भाषणापेक्षा जास्त काम करेल असं मला वाटतं. रीतसर परवानगी वगैरे लागेल, ती ज्यांना जमते त्यांनी बघावी. स्वाहिली मला बाजारहाटापुरती आणि ऑफिसपुरती चांगली येते, भाषांतरात अडलं तर इथले मित्र आहेत, मी हे काम फुकट करायला तयार आहे, हे तुमच्या पेपरातून कोणा फिल्म सोसायटीवाल्याच्या कानावर गेलं तर उपकार होतील.

तुमच्याकडून एवढीच अपेक्षा की पुढच्या रविवारी चार ओळींचा खुलासा छापा, त्या यादीतून हा सिनेमा काढा, आणि शक्य असेल तर कोणा जाणत्याकडून त्यावर धड अर्धं पान लिहून घ्या. लिहिणाऱ्याला सांगा आधी सिनेमा बघ म्हणावं, ट्रेलर नाही. आणि फोटो लावाल तर गॉसलिंगचा नको, हमिसी बाझिलीचा लावा.

ता. क. – त्याच यादीत दिग्दर्शकाचं नाव पण चुकलंय, तेवढं ई-पेपरमध्ये तरी दुरुस्त करून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक
दार-ए-सलाम (मूळ जि. परभणी)